आवाज बंद झाल्यावरची मंदाकिनी

बेळगावातल्या आमच्या वडगावात कुणी जरा तोंड वेडंवाकडं करून बोललं, की अजूनही म्हणतात, "आली बघ मंदाकिनी." म्हणणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी मंदाकिनीला कधी पाहिलेलं नाही. टीव्हीवरची ती बाई याच गल्लीतली होती, हे तर त्यांच्या गावीही नाही. मी एकदोघांना सांगून बघितलं. पण मास्तरीणबाई आता काहीतरी शिकवायला लागणार असं वाटून लोक हळूच सटकतात. म्हणून लिहून ठेवते. कागद तरी उठून जात नाही.

मंदी आणि मी एका वर्गातल्या. माझे वडील मराठी शाळेत शिक्षक, आणि आम्ही भाड्यानं राहायचो ते विणकरांच्या गल्लीत. मंदीचे वडील ती लहान असतानाच वारले. तिची आई, जिला सगळी गल्ली पारूआक्का म्हणायची, सूत व्यापारी बाबूअण्णांच्या शेडात माग चालवायची. बारा यंत्रमाग एकदम सुरू झाले की त्या शेडाचे पत्रे थरथरायचे. तिथं ओरडून काही उपयोग नसे, त्यामुळे तिथल्या बायका ओरडतच नसत. जबडा पूर्ण उघडायचा, ओठ मोठे हलवायचे, एकेक शब्द तोंडात नीट मांडून समोरच्या बाईला दाखवायचा. आवाज काढायचाच नाही. सुनेशी झालेलं भांडण, आमटीत कमी पडलेलं मीठ, सगळं बारा मागांपलीकडे व्यवस्थित पोचायचं. या बोलण्याला त्यांनी वेगळं नाव दिलं नव्हतं. त्या फक्त म्हणायच्या, "आवाजानं बोलू नको, तोंडानं बोल."

मंदी त्या शेडात सुताच्या कांड्या भरत वाढली आणि दोन्ही तऱ्हांनी बोलायला शिकली. शाळेत बाई फळ्याकडे वळल्या की ती पहिल्या बाकावरून मागच्या बाकावरच्या विणकरांच्या पोरींना अख्खी गोष्ट सांगायची. मला त्यातलं निम्मंही कळत नसे. मी चिडले की ती म्हणायची, "ऐकायला काय बघतीस? तोंडाकडं बघ की." मी बघायचे. मला दिसायचे फक्त तिचे दात.

पारूआक्काचे कान वीस-बावीस वर्षं मागावर काढल्यावर गेले. नेमके कधी गेले हे तिलाही सांगता आलं नसतं, कारण शेडात त्यांची गरजच पडत नव्हती. ते आमच्या लक्षात आलं मंदीच्या लग्नात. वाजंत्री थांबली तरी पारूआक्का डोक्यानं ताल धरून होती.

मंदीला बेळगावातलाच एक इंजिनिअर मुलगा सांगून आला. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यानं तिला नाटकात बघितलं होतं. सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. लग्न झालं आणि तीन महिन्यांत दोघं अमेरिकेला गेली. त्यानंतरची आठ वर्षं पारूआक्काला मुलीचं बोलणं म्हणून काही मिळालं नाही. पत्रं यायची, पण तिला वाचता येत नव्हतं. बाबूअण्णांच्या घरी फोन बसला होता, पण तिला त्याचा राग यायचा. "तोंड दिसत न्हाय त्यात," म्हणायची. मग पत्रं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी पत्र समोर धरायचे आणि ओठ हलवत एकेक ओळ म्हणायचे. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बसायची आणि पाच मिनिटांत वैतागायची.

"मास्तरणी, तुझं तोंड म्हंजे देवळाचं दार हाय बघ. दुपारचं."

"म्हणजे कसं, आक्का?"

"बंद."

तरी ती पत्र संपेपर्यंत उठत नसे. शेवटी कागद माझ्या हातातून घेऊन त्याच्यावरून बोट फिरवायची आणि कनवटीला लावायची.

मंदीचा संसार तिकडे मोडला. का मोडला ते तिनं मला एका ओळीत सांगितलं होतं, आणि ती ओळ मी इथं लिहिणार नाही. ती परत आली ती मुंबईत. अमेरिकेत तिनं गावातल्या एका छोट्या रेडिओवर लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या होत्या. त्या अनुभवावर तिला टीव्हीवर काम मिळालं. दर गुरुवारी संध्याकाळी सातला वीस मिनिटांचा कार्यक्रम. कधी डॉक्टर, कधी बागकाम करणारे कुणी, कधी लोणची घालणाऱ्या बाई. मंदी त्यांना प्रश्न विचारणार. तिनं आईला मुंबईला चल म्हणून पत्रांतून पुष्कळ सांगून बघितलं. पारूआक्का हलली नाही. "तिथं माझ्यासंगं कोण बोलनार? सगळी आवाजानं बोलत्यात," एवढंच तिचं उत्तर.

तेव्हा बेळगावात टीव्ही मोजक्या घरांत होते. बाबूअण्णांनी माडीवर दोन मजले उंच अँटेना उभी केली होती. हवा चांगली असली तर तिच्यावर मुंबई दिसायची, नाहीतर नुसत्या मुंग्या. पहिल्या गुरुवारी अर्धी गल्ली त्या माडीवर बसली होती. पारूआक्काला सगळ्यांत पुढे बसवलं. मुंग्या हलल्या, चित्र स्थिर झालं, आणि निळसर उजेडात मंदी हसून म्हणाली, "नमस्काऽर."

तो नमस्कार मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो. त्यातला 'र' जीभ पार मागं वळवून आला होता. पुढं आलेला 'ट' लोण्यासारखा मऊ. 'आ' म्हणताना तिचं तोंड इतकं उघडायचं की दाताच्या डॉक्टरांना बॅटरीची गरज पडली नसती. वाक्य मध्येच वर चढायचं आणि आता उतरेल उतरेल म्हणेपर्यंत वरच थांबायचं. माडीवर एकेक जण तोंडावर हात धरायला लागला.

"आरं, ही मराठी हाय का इंग्लिश?" बाबूअण्णांनी विचारलं.

"दोन्ही न्हाय, अण्णा," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "वाटंत विमान थांबलं असंल न्हवं? तिथली भाषा असंल."

माडी हसून लोटपोट झाली. हसले नाहीत ते माझे वडील. मराठीसाठी ते एकदा तुरुंगात जाऊन आले होते. घरात कुणी 'पाणी'चं 'पानी' केलं तरी त्यांचा घास अडायचा. ते काठी टेकत उठले. "ह्या मराठीसाठी आत गेलो होतो आम्ही?" एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले. घरी जाऊन त्यांनी टीव्ही केंद्राला चार पानी पत्र लिहिलं. त्यात कोणता वर्ण तोंडात कुठून निघतो याची आकृतीही काढली होती.

माझं लक्ष पारूआक्काकडे होतं. ती काचेपासून हातभर अंतरावर बसली होती. मागं लोक हसतायत याचा तिला पत्ताच नव्हता. मुलीचा तो चमत्कारिक उच्चार अख्ख्या मुलखात ऐकू येत नव्हता तो तिला एकटीला. आठ वर्षांनी तिला मुलीचं बोलणं दिसत होतं.

कार्यक्रम संपला. संगीत सुरू झालं, नावांच्या पाट्या सरकायला लागल्या. आवाज बंद केलेला असतो, पण चित्र तसंच चालू असतं, आणि पाहुणे नि बाई आपसात काहीतरी बोलताना दिसतात, तसं मंदीचंही तोंड हलत होतं. फक्त ती पाहुण्यांकडे बघत नव्हती. एवढ्यात पारूआक्का माडी दणाणेल अशा आवाजात म्हणाली, "जेवले! तू जेवलीस काय?"

पुन्हा हशा पिकला. म्हातारी टीव्हीशी बोलतेय म्हणून. पण शेडातल्या दोन बायका पारूआक्काच्या शेजारी बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. त्यांतली एक माझ्याकडे वळून साधेपणानं म्हणाली, "मंदीनं इचारलं की आत्ता. आई, जेवलीस काय म्हणून. गुडघ्याचंबी इचारलं."

तेवढी पाच-दहा सेकंदं सगळ्यांना दिसत होती आणि ती फक्त वडगावच्या मागवाल्या बायकांसाठी होती. त्यानंतर दर गुरुवारी हेच. सातला सुरू होणारा कार्यक्रम, तोपर्यंत पारूआक्का कधीच जेवलेली नसायची. तिची भाकरी व्हायची आठला. तरी ती दर वेळी ठामपणे सांगायची, "जेवले."

गावाला मात्र मंदीच्या बोलण्यानं चांगलंच खाद्य मिळालं. चहाच्या गाड्यावरची पोरं 'एऽक कटिंऽऽग' असं तोंड फाकवून मागायची. कॉलेजातल्या काही मुली खरोखरच तसं बोलायला लागल्या, त्यांच्या आया हैराण झाल्या. आणि पारूआक्का? ती गल्लीतून जाताना पोरं मुद्दाम जबडा उघडून एकमेकांशी बोलायची. ती थांबून कौतुकानं बघायची. एकदा माझ्या घरी येऊन म्हणाली, "बघितलीस काय? समदी पोरं तोंडानं बोलायला शिकायलीत. मंदीनं शिकवलं त्यांस्नी." तिचा चेहरा इतका उजळला होता, की मी 'व्हय' म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला माझं तोंड स्वच्छ वाचता आलं असावं.

मंदी दिवाळीला आली तेव्हा पिशवी भरून पोस्टकार्डं घेऊन आली. प्रेक्षकांची. ती आमच्या पडवीत बसून बशीतून फुर्र करून चहा प्यायची आणि एकेक कार्ड ज्या गावचं असेल तिथल्या सुरात वाचून दाखवायची. "बाई, तुम्ही तोंडात सुपारी धरून बोलता का?" हे सोलापूरच्या सुरात. "आपण हिंदुस्थानात उतरलात की अजून विमानातच आहात?" हे पुणेरी. हसून हसून आमच्या पोटात दुखायचं. शेवटी तिनं चार पानांचं एक पत्र काढलं आणि माझ्या वडिलांसमोर जाऊन वाकली. "मास्तर, अक्षरावरनंच वळखलं. मला तिसरीतली पाटी आठवली." वडिलांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

ती बेळगावच्या स्टँडवर उतरली की बोलण्यातलं ते वळण बसमध्येच राहायचं. गल्लीत ती अगदी आमच्यासारखं बोलायची. मी एकदा न राहवून विचारलं, "मग तिथं असं का बोलतीस गं? लोक हसत्यात."

विचार करताना पदराचं टोक दातात धरायची तिची सवय होती. तसं धरलं, मग सोडून म्हणाली,

"काही तिकडचं हाय. आठ वर्षं त्यांच्यासारखी जीभ वळवली, न्हाईतर दुकानात कुणाला माझं बोलणं कळत नव्हतं. दिवे लागले, समोर कॅमेरा आला की ती आपोआप वळती. पण तोंड उघडते ते आईसाठी. ती बघायलीय म्हटल्यावर मिटून कसं बोलू? दोन्ही एकात एक मिसळून हे असं झालंय बघ." आणि हसली. "लोकांस्नी वाटतंय मी अमेरिका दाखवायलीय. मी बाबूअण्णांचं शेड दाखवायलीय."

पुढे बेळगावात टीव्हीचा टॉवर झाला. त्यावर दिल्ली स्वच्छ दिसायला लागली आणि बाबूअण्णांच्या अँटेनावर येणारी मुंबई गेली. गल्लीला दिल्ली आवडली. पारूआक्का दोन गुरुवार गप्प बसली आणि तिसऱ्या गुरुवारी लुगडं बदलून माझ्या दारात उभी राहिली. निपाणीला माझी बहीण दिलेली, तिच्याकडे अजून मुंबई लागायची. तेव्हापासून आमची वारी... वारी कसली, दोन तासांची बसची रपेट सुरू झाली. मी गुरुवारची शाळा सकाळची मागून घेतली. दुपारच्या बसनं निपाणी, वीस मिनिटं टीव्ही, रात्री बहिणीकडे मुक्काम आणि पहाटेच्या गाडीनं परत. वीस मिनिटं तरी कशाला म्हणू? आम्ही जायचो ते शेवटच्या पाच-दहा सेकंदांसाठी.

निपाणीतही तेच. बहिणीच्या शेजारच्या बायका विड्या वळता वळता टीव्हीला जमायच्या आणि मंदीनं तोंड उघडलं की खिदळायच्या. एकदा पारूआक्कानं मागं वळून बघितलं.

"का हसायल्यात गं ह्या?"

"पाहुणा गमतीचा हाय, आक्का," मी म्हटलं. त्या दिवशीचा पाहुणा हाडांचा डॉक्टर होता.

मग एका गुरुवारी मंदी वेगळंच बोलली. केंद्राकडे तक्रारींचा ढीग साठला होता. तिथले साहेब भले होते, त्यांनी तिला काढलं नाही, उच्चार शिकवणारे एक गुरुजी लावून दिले. तिनं मन लावून शिकून घेतलं. त्या दिवशी तिचा प्रत्येक शब्द स्वच्छ, घोटीव होता. विड्यांच्या बायकासुद्धा म्हणाल्या, "आता कशी शानी बोलायलीय बघ." मलाही क्षणभर अभिमान वाटला. मग पारूआक्काकडे बघितलं तर ती टीव्हीच्या काचेला नाक लावायची तेवढी बाकी होती.

"ही आजारी हाय काय गं? तोंड मिटून बोलायलीय. काय म्हनती कळंना."

संगीत सुरू झालं, पाट्या सरकल्या. मंदी मान खाली घालून समोरचे कागद जुळवत राहिली. शेवटी ओठ हलवायचे नाहीत, अशीही सूचना होती म्हणे. पारूआक्का वाट बघत राहिली. पडद्यावर दुसरा कार्यक्रम सुरू झाला, तबला वाजायला लागला, तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "जेवले."

कुणी विचारलं नव्हतं.

त्या रात्री मी मंदीला पत्र लिहायला बसले. पहाटे गाडीला जाताना निपाणीच्याच पोस्टाच्या पेटीत ते टाकलं. जे बघितलं ते तसंच लिहिलं. लिहायला नको होतं असं मला कित्येक वर्षं वाटत आलं. लिहिलं नसतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं असंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

पुढच्या गुरुवारी मंदीनं तोंड उघडलं आणि विड्यांच्या बायकांनी कपाळाला हात लावला. सगळं परत आलं होतं, वळलेला 'र', वर चढून बसलेलं वाक्य आणि आधीपेक्षाही मोठा 'आ'. पाहुण्या बाई दचकून तिच्याकडे बघत होत्या. शेवटी पाट्या सुरू झाल्यावर तिनं सरळ कॅमेऱ्यात बघितलं आणि शेवटच्या नावापर्यंत बोलत राहिली. पारूआक्का मान हलवत होती. मी तिच्या खांद्याला हात लावला.

"काय म्हणाली, आक्का?"

"गुडघ्याला तेल लाव म्हनाली," पारूआक्का म्हणाली. "आनि पुढल्या गुरवारी येवढ्या लांब यिऊ नको म्हनाली."

पुढच्या गुरुवारपासून त्या खुर्चीत दुसऱ्या बाई आल्या. पुढे एकदा बहिणीकडे मीही बघितलं, त्यांचं बोलणं खरंच सुंदर होतं. माझ्या वडिलांनी केंद्राला पुन्हा चार पानी पत्र लिहिलं, आधीच्या बाईंना परत बोलवा म्हणून. या वेळी त्यात आकृती नव्हती. उत्तर काही आलं नाही.

मंदीला केंद्रात पडद्यामागचं काम मिळालं. पाहुण्यांना पत्रं लिहायची, त्यांच्यासाठी प्रश्न काढून द्यायचे. ते प्रश्न ती दुसरी बाई सुंदर विचारायची. मंदी महिन्या-दोन महिन्यांनी रजा काढून यायची आणि स्टँडवरून थेट शेडात जायची. पारूआक्का आता माग चालवत नव्हती, तिथं नुसती बसायची. बारा माग धडधडत असायचे आणि त्यांच्या मधोमध या मायलेकी हातवारेसुद्धा न करता तासन्‌तास गप्पा मारायच्या. मी दारात उभी राहून बघायचे. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? मंदी माझी मैत्रीण होती, पण तिचं खरं बोलणं मी कधी ऐकलंच नाही.

पारूआक्का गेली तेव्हा मंदी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला बेळगावच्या स्टँडवर सोडायला गेले. मुंबईत तिचं चित्त लागत नव्हतं, पुन्हा अमेरिकेला जायचं तिनं ठरवलं होतं. तिकडे जुन्या रेडिओवर काम होतं. ती बसमध्ये चढली, खिडकीशी बसली. खिडकीची काच अडकलेली, तिला काही उघडेना. स्टँडवर हॉर्न, कंडक्टरांचा पुकारा, शेंगा विकणाऱ्यांचा ओरडा. मी काचेवर बोटांनी टकटक केलं. ती वळली.

तिनं जबडा पूर्ण उघडला, ओठ मोठे हलवले, एकेक शब्द नीट मांडला. शाळेत असताना मला जे कधी जमलं नव्हतं ते त्या गर्दीत जमलं. अगदी स्वच्छ दिसलं.

"जेवलीस काय?"

गाडी मागं सरकायला लागली. तेराव्याच्या आवराआवरीत सकाळपासून माझ्या पोटात चहाचा एक घोटसुद्धा नव्हता. मी गाडीबरोबर चार पावलं चालत गेले, देवळाचं दार होतं तेवढं सगळं उघडलं, आणि आवाज न काढता म्हटलं, "जेवले."